पातळ भिंत

१

धनेशला फोनवर बोलायचं असलं की तो आधी कागदावर लिहून घ्यायचा. 'नमस्कार, मी परळहून धनेश बोलतोय. सोमवारी आमची कॅरॅव्हॅन तुमच्याकडे येणार आहे.' एवढं वाचून झालं की पुढचं आपोआप सुचायचं. नववीत बाईंनी उभं करून धडा वाचायला सांगितला, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेला नाही. आता तेवीस वर्षांचा झाला होता, तरी फोन लावण्याआधी त्याच्या तळहाताला घाम येई.

हितेंद्रशेठच्या दोन कॅरॅव्हॅन परळच्या भोईवाड्यातल्या एका बंद गोदामाच्या आवारात उभ्या असत. चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, शेगडी, इवलंसं न्हाणीघर. गिऱ्हाइकाने ती चालवायची नसते. जीपला जोडून रिसॉर्टवर न्यायची, मैदानात नेमून दिलेल्या जागी उभी करायची, पाणसळ लावून सपाट करायची, वीज जोडायची, टाकी भरायची, चादरी घालायच्या आणि गिऱ्हाईक आलं की किल्ली हातात द्यायची. जीप दत्तारामकाका चालवत. बाकी सगळं धनेशकडे. काका कॅरॅव्हॅनला 'डबा' म्हणत. "चल धन्या, डबा पोचवून येऊ," अशी त्यांची सुरुवात असे, जणू कुणाचं जेवण न्यायचं आहे.

अलिबागच्या पुढे सुरूच्या बनात एक रिसॉर्ट होतं. तिथल्या ऑफिसात मेघना नावाची मुलगी बुकिंग बघायची. धनेशने तिला कधी पाहिलं नव्हतं. तो डबा लावायला जाई तेव्हा नेमकी तिची सुट्टी असे. पण वर्षभर फोनवर ती होती.

"फाटकाची उंची किती आहे?" त्याने कागदावरून विचारलं.

"मागच्या वेळी पण हेच विचारलं होतंत."

"हो, पण... काही बदल झाला असेल तर."

"फाटक वाढत नाही हो. अकरा फूट. प्लग पंधरा अँपिअरचा, नळ वीस पावलांवर, जागा नंबर सात, समुद्राच्या बाजूची. अजून काय लिहिलंय कागदावर?"

"तुम्हाला कसं कळलं कागद आहे ते?"

"फडफडतो ना. मी पंख्याचा आवाज समजायचे आधी." ती हसली. "बुकिंग कुणाच्या नावावर?"

धनेशने कागद उलटून पाहिला. हे कागदावर नव्हतं. "रखमा परब. माझी आत्या आहे."

"म्हणजे या वेळी गिऱ्हाईक तुम्हीच! मग किल्ली कुणाच्या हातात देणार?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हसत होता.

२

आई गेली आणि वडिलांनी दुसरं घर केलं, तेव्हापासून रखमाआत्यानेच त्याला वाढवलं होतं. लालबागच्या चाळीतली ती एक खोली. आत्या गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. एका वेळी चाळीस भाकऱ्या थापायची. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, शेवटी चाळही गेली. तिच्या जागी उंच इमारत झाली आणि आठ महिन्यांपूर्वी सोडतीत त्यांना चौदाव्या मजल्यावर कोपऱ्यातलं घर मिळालं. घर चांगलं होतं. चोवीस तास पाणी होतं. आणि त्या घरात आत्या दिवसेंदिवस वाळत चालली होती.

दुपारची झोप हा तिचा एकच शौक. खानावळीची भांडी घासली की ती भिंतीला पाठ लावून आडवी व्हायची. ती भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. फळ्यांच्या पलीकडे मनूमावशीची खोली, आणि तिचीही पाठ त्याच फळ्यांना. चाळीत दुपारी चारला पाणी यायचं, जेमतेम पाऊण तास. ज्या बाईला आधी जाग येई ती मधल्या बोटाच्या पेराने फळीवर वाजवायची. दोनदा लागोपाठ, मग जरा थांबून तिसऱ्यांदा. म्हणजे, पाणी आलं. पलीकडून दोनदा वाजवायचं. म्हणजे, उठले. उत्तर आलं नाही तर ती समजायची की झोप गाढ लागली आहे, आणि स्वतःची बादली घेऊन गॅलरीतून वळसा घालून दाराशी येऊन उभी राहायची. शेजारणीची बादली रिकामी ठेवून आपण पाणी भरायचं नाही, हा दोघींचा चाळीस वर्षांचा नेम होता. आत्या आजारी असली की उत्तर द्यायचं काम लहानग्या धनेशकडे यायचं.

चाळ पडली तेव्हा मनूमावशी लेकीकडे विरारला गेली. नवं घर मिळायच्या आधीच, एका दुपारी झोपली ती उठलीच नाही. लेक कामावरून संध्याकाळी आली तेव्हा कळलं.

"तिच्या भिंतीपलीकडे कोण नव्हतां," आत्या एवढंच म्हणाली होती. "कोणी वाजवल्यान नाय."

चौदाव्या मजल्यावर आत्याच्या पलंगामागे जी भिंत होती, तिच्या पलीकडे फक्त हवा होती. आत्या तिथे दुपारी पडायची, पण डोळे उघडे ठेवून. जेवण दोन घासांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषध लिहून देतो, पण यांचं मन रमेल असं काहीतरी करा. धनेशला जग माहीत होतं ते एवढंच: डबा, सुरूचं बन आणि समुद्र. त्याने धीर करून हितेंद्रशेठकडे चार दिवसांसाठी डबा मागितला. शेठ म्हणाले, "सोमवार ते गुरुवार असाही रिकामाच असतो. घेऊन जा रे. दिवाळी समज."

३

निघायच्या आदल्या दिवशी तो आवारात डबा धुवत होता. बाहेरून झाल्यावर आत शिरला. फरशी पुसली, उशांचे अभ्रे बदलले. पलंगाची उशाकडची बाजू ज्या भिंतीला लागते, त्या भिंतीवरून ओलं फडकं फिरवत असताना पलीकडून वाजलं.

दोनदा लागोपाठ. जरा थांबून तिसऱ्यांदा.

आणि धनेशचा हात आपोआप उठला. काय करतोय हे कळायच्या आत त्याने पेराने दोनदा वाजवलं होतं.

मग तो तसाच उभा राहिला. घड्याळात चार वाजले होते. बाहेर जवळच्या कोर्टाकडून येणाऱ्या टॅक्सीचा हॉर्न, कुठेतरी टाइल्स कापायचं मशीन. सगळं नेहमीचं.

तो खाली उतरला आणि वळसा घालून मागे गेला. त्या बाजूला गोदामाची दगडी भिंत होती. डबा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा. मांजर गेलं असतं. माणूस उभा राहिला नसता.

पत्रा उन्हाने तापला की टणत्कार करतो, हे धनेशला माहीत होतं. आत्ताच गार पाणी मारलं होतं, म्हणजे तेच असणार. त्याने मनाला तसं पटवलंही. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. पत्रा वाजला तर तो कसाही वाजतो. मध्ये थांबून तिसऱ्यांदा वाजत नाही.

आणि पत्रा वाजला तर त्याला कुणी उत्तर देत नाही. आपण दिलं.

४

सोमवारी सकाळी सातला निघाले. आत्या जीपमध्ये पुढे, मांडीवर डबा, म्हणजे खरोखरचा, आंबोळ्यांचा. पेणच्या पुढे दत्तारामकाका म्हणाले, "रखमाबाय, मागे घर ओढतोय आपण. गोगलगायीसारखे."

"गोगलगायीचा घर तिच्या पाठीवर आसता," आत्या म्हणाली. "माझा चौदाव्या माळ्यावर."

फाटकाशी एक मुलगी उभी होती. सावळी, चष्मा लावलेली, हातात मोजमापाची टेप. धनेश खाली उतरताच तिने टेप पुढे केली. "घ्या, मोजून घ्या. अकरा फूट. वाढलेलं नाही."

धनेशचे कान लाल झाले. आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं.

जागा नंबर सात बनाच्या टोकाला होती. एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडे वाळू. पलंगाची भिंत झाडांकडे आली. धनेशने चाकांना ठोकळे लावले, चारी कोपऱ्यांचे पाय खाली घेतले, ओट्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला. वीज जोडली, टाकी काठोकाठ भरली. दत्तारामकाका जीप घेऊन परत गेले. गुरुवारी न्यायला येणार होते.

आत्या पायरीवर चढली, आत जाऊन चारी बाजूंना हात लावून आली. "आपल्या खोलीएवढीच आसा रे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

दुपारी तिने तीन आंबोळ्या खाल्ल्या. धनेशने मोजल्या नव्हत्या, तिनेच सांगितलं. मग ती भिंतीला पाठ लावून आडवी झाली. तो पायरीवर बसून समुद्राचा आवाज ऐकत राहिला.

चार वाजता वाजलं.

तो वळला. आत्या डोळे उघडे ठेवून पडली होती. ती दचकली नाही. तिने हात मागे नेला, पेराने दोनदा वाजवलं आणि हात परत उशाशी घेतला.

"आत्ये," धनेशला स्वतःचाच आवाज ओळखू येईना, "कोण आहे?"

"तू ओळखलंस नाय?"

"ती तर..."

"ह्या भिंती पातळ आसत," आत्या शांतपणे म्हणाली. "थंय सिमिट केवढा जाड. कितीही वाजवल्यान तरी माका ऐकू येवचा नाय. बिचारी वाजवून वाजवून दमली आसतली." तिने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. "बरां झाला, माका हय हाडलंस."

५

मंगळवारी धनेशने सगळं तपासलं. छपरावर चढून सुरूच्या फांद्या टेकत नाहीत ना ते पाहिलं. पाण्याचा पंप बंद केला. गॅसची नळी, मागच्या दिव्याची वायर, सगळं हाताने चाचपलं. खरं तर त्याला एखादी सुटलेली वायर सापडायला हवी होती. सापडली असती तर त्याने तिला नमस्कार केला असता.

आत्याच्या भुकेचं मात्र कारण शोधावं लागलं नाही. सकाळी तिने मेघनाकडून बांगडे मागवले आणि स्वतः तळले. मेघना बांगडे घेऊन आली ती जेवूनच गेली.

"वय किती गो तुजा?" आत्याने विचारलं.

"पंचवीस."

"ह्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बरां आसा. कोणीतरी बोलणारा होया. हो पोरगो मुको."

"आत्ये!"

"मुके नाहीत ते," मेघना काटा बाजूला काढत म्हणाली. "फक्त आधी लिहावं लागतं त्यांना."

तिघंही हसले. धनेशला वाटलं, असं हसू आपल्या घरात शेवटचं कधी होतं? आत्याच्या गालावर तेलाचा थेंब चमकत होता. आठ महिन्यांत ती इतकी जिवंत दिसली नव्हती. जे काही पलीकडून वाजतं, ते जर हिला जेवायला लावत असेल, तर वाजेना का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

पावणेचारला तो बाहेर जाऊन मागच्या भिंतीसमोर उभा राहिला. भरदुपारचं ऊन. सुरूच्या काड्यांचा तपकिरी थर जमिनीवर पसरलेला. त्यावर मुंगी चालली तरी दिसली असती. त्याने तळहात पांढऱ्या पत्र्यावर ठेवला. जिथे आतून आत्याचं डोकं असणार, बरोबर तिथे.

चार वाजता त्याच्या तळहाताखाली वाजलं.

समोर कुणी नव्हतं. मागे कुणी नव्हतं. तरी पेराचा टणकपणा त्याला त्वचेवर कळला, जणू मध्ये आलेला हात कुणीतरी बाजूला न सारता त्याच्यामधूनच वाजवलं होतं. पत्र्याच्या आतून आत्याचं उत्तर आलं. दोनदा. तेही तळहाताला लागलं.

तो आत आला तेव्हा आत्या उठून बसली होती. ओट्याखालची निळी बादली तिने काढून पायाशी ठेवली होती.

"ही कशाला?"

"दोन दिवस नुसता उत्तर देतंय आणि हयच पडान रवतंय. बरां दिसत नाय ता. ती खोळंबून ऱ्हवता." आत्याने बादलीची कडी सरळ केली. "उद्या जावक होया."

"कुठे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की बघायची तसं, मायेने, आणि थोडं लांबून.

"पाण्याक," ती म्हणाली.

टाकी काठोकाठ भरलेली आहे, हे धनेशने तिला सांगितलं नाही. ते तिलाही माहीत होतं.

६

बुधवारी जेवण झाल्यावर तो तिच्याजवळच बसून राहिला. जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. कसं, ते ठरलं नव्हतं. आत्या बोलत होती. खानावळीत जेवणाऱ्या, गिरणीत कामगार नेमणाऱ्या एका जॉबरची गोष्ट, जो भाकरी मोजायचा नाही आणि मनूमावशीला 'मुकादमीण' म्हणायचा. बोलता बोलता शब्द लांबले. तिचं तोंड किंचित उघडं पडलं. ती घोरायला लागली.

धनेशने श्वास रोखून पाहिलं. आत्या झोपली होती. उशी सरकली तरी कळू नये अशी गाढ. पाय जवळ घेऊन, लहान मुलीसारखी.

चार वाजले.

दोनदा लागोपाठ. जरा थांबून तिसऱ्यांदा.

आत्या हलली नाही. धनेशचा हात उठला, भिंतीपाशी गेला आणि तिथेच थांबला. उत्तर दिलं तर 'उठले' असं होईल. आणि उठली ती जाईल. त्याने हात खाली घेतला.

पुन्हा वाजलं. तितक्याच हळू. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. शेजारणीला हलकेच उठवावं तसं.

मग थांबलं. आणि त्याला आठवलं, उत्तर आलं नाही की काय होतं ते.

बाहेर सुरूच्या काड्या मोडू लागल्या. अनवाणी पावलं. मागच्या भिंतीच्या कडेकडेने, सावकाश. बादलीची कडी किणकिणत होती. पावलं पुढच्या टोकाला आली, जिथे जीपला जोडायचा लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो. तिथे ती थांबली. एक पाय उचलल्याचा, मग दुसरा कष्टाने ओढून घेतल्याचा आवाज. मनूमावशीचा उजवा गुडघा दुखायचा. मग पावलं दाराकडे वळली.

दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती. ती दोन ठिकाणी तुटली.

धनेशच्या जवळ कागद नव्हता. वर्गात उभा होता तसाच तो उभा होता, आणि मागे पलंगावर त्याचं सगळं घर झोपलं होतं. कडी पुन्हा वाजली. आता दार वाजेल. वाजलं की आत्या उठेल.

"मावशी," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदा फाटका आला. "मावशी, धनेश आहे मी. आत्या झोपलीय. आठ महिन्यांनी झोपलीय हो. तिला उठवू नका. मी येतो पाणी भरायला."

एवढं मोठं तो न लिहिता कधीच बोलला नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. मग फटीतली उन्हाची पट्टी सलग झाली.

त्याने निळी बादली उचलली आणि दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. मैदान मोकळं होतं. लांब ऑफिसच्या ओट्यावर मेघना कुणाशी तरी फोनवर बोलत होती. तिने हात हलवला. तो हात हलवू शकला नाही. त्याच्या पुढे सुरूच्या काड्या दबत चालल्या होत्या, आणि तो त्यांच्यामागून चालला.

वीस पावलांवर नळ. खाली सिमेंटचा ओटा. नळ सुटलेला होता. धनेश ओट्याच्या अलीकडेच थांबला, पहिली जागा सोडून. पाणी पडत होतं आणि आवाज येत होता. रिकाम्या बादलीत पाणी पडताना येतो तसा, पत्र्याचा, पोकळ. हळूहळू तो आवाज जड होत गेला. अर्धी बादली. पाऊण. नळाखाली काहीही नव्हतं, फक्त ओट्यावरचा एक गोल, बादलीच्या बुडाएवढा, पांढरा आणि कोरडा होता. पाणी त्याच्यावरच पडत होतं आणि तो भिजत नव्हता.

आवाज काठाला आला. कडी उचलल्याचा ताण ऐकू आला. मग पाणी सरळ सिमेंटवर आपटू लागलं आणि तो गोल भिजून गेला.

आता त्याची पाळी होती. त्याने बादली नळाखाली लावली. ती भरेपर्यंत तो नळाकडेच बघत राहिला. आपल्या मागे रांगेत आणखी कुणी उभं आहे का, हे त्याने वळून पाहिलं नाही.

७

आत्याला सहाला जाग आली. तिने डोळे चोळले, आळस दिला आणि मग तिला दाराजवळची भरलेली बादली दिसली. तिचा चेहरा उतरला.

"तू गेलंस?"

"तू झोपली होतीस."

"तुका कोणी सांगितल्यान जावक?" ती ताडकन उठली. इतकी घाबरलेली आत्या त्याने कधी पाहिली नव्हती. "ती हाक माजी. तू कशाक मधे इलंस? एकदा पाण्याक गेललो माणूस, तेका रोज बोलावतत!"

"मग तूसुद्धा नाही जायचंस."

"मी म्हातारी! माझा काय?"

"माझं काय मग?" धनेश म्हणाला. "मला कोण आहे?"

आत्याने दोन्ही हातांनी बादली उचलली, बाहेर नेली आणि एका सुरूच्या मुळाशी सगळं पाणी ओतून दिलं. रात्रभर ती बसून राहिली. तिने धनेशचं मनगट धरून ठेवलं होतं, गर्दीत पोर हरवू नये म्हणून धरतात तसं.

८

गुरुवारी दहाला दत्तारामकाका जीप घेऊन आले. धनेशने प्लग काढला, चादरी गोळा केल्या आणि कोपऱ्यांचे पाय वर घेऊ लागला. शेवटचा पाय मागच्या बाजूचा, पलंगाच्या भिंतीखालचा. तो उकिडवा बसून हँडल फिरवत होता तेव्हा आतून आत्याचा आवाज आला. भिंत पातळ होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मने, ऐक गो. माझ्या झिलाक बोलवू नको. तेणा उत्तर दिल्यान ता माझ्यासाठी दिल्यान." मग थोडं थांबून, अगदी खालच्या आवाजात, "मी येतंय. खोटा नाय सांगणा. पण ह्याचा लगीन होवंदे. ह्याच्या भिंतीपलीकडे कोणीतरी येवंदे. मगे तू वाजव, मी त्याच दिवशी बादली घेवन भायर येतंय. तेवढा थांबशील मा?"

धनेशच्या हातातलं हँडल थांबलं.

चार वाजायला अजून सहा तास होते. त्याच्या डोक्याच्या वर, हातभर अंतरावर, बाहेरच्या बाजूने पत्र्यावर वाजलं.

दोनदा.

त्याने मान वर केली नाही. मानेवर पाण्याचे दोन थेंब पडले, गार, आणि पाठीवरून ओघळत खाली गेले. वर आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

जीप फाटकाशी आली तेव्हा मेघना रजिस्टरवर सही घ्यायला पुढे आली. सही झाली तरी तिने पेन परत घेतलं नाही.

"पुढच्या रविवारी मी दादरला येतेय," ती म्हणाली. "हिंदमाताला. बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्यात. संध्याकाळी मोकळी असेन. कागद न आणता भेटाल का?"

दत्तारामकाका आरशात बघत मिशीवर हात फिरवू लागले. आत्याने कोपराने धनेशला ढोसलं. तिने आज सकाळी चार आंबोळ्या खाल्ल्या होत्या. गाल भरल्यासारखे दिसत होते. डोळ्यांत खट्याळपणा होता.

"हो म्हण रे," ती कुजबुजली.

धनेशला वर्षभर जे म्हणायचं होतं ते एकाच शब्दात मावत होतं, आणि तो शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याने आत्याकडे पाहिलं, आणि तिने भिंतीपलीकडे दिलेला लग्नापर्यंतचा वायदा त्याला आठवला.

"रविवारी जरा... काम असतं," तो म्हणाला.

"बरं." मेघनाने पेन घेतलं. चष्मा उगाच सारखा केला. "मग कधीतरी फोन करा. फाटकाची उंची विचारायला."

जीप रस्त्याला लागली. "मेल्या, हो म्हणाक काय झाला?" आत्या बराच वेळ करवादत राहिली. "एवढा बरां चेडू! अशानं तुझा लगीन कधी होवचा नाय." धनेश पुढचा रस्ता बघत होता. पेण यायच्या आत तिचा आवाज मंदावला. डोकं त्याच्या खांद्यावर आलं आणि ती घोरू लागली.

त्याच बाजूच्या खिशात फोन थरथरला. मेघनाच असणार. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला. हात हलवला असता तर तिची झोप मोडली असती. वाशीचा पूल येईपर्यंत धनेश तसाच बसून राहिला.